४,२९,४९,६७,२९७ : एका दहा आकडी संख्येची झडती

४,२९,४९,६७,२९७. वाचायची झाली तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मोबाइल नंबरइतकीच, दहा आकडी संख्या. तिच्याबद्दलचा प्रश्न शाळकरी मुलालाही कळेल असा आहे: ही मूळ संख्या आहे का? म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, असे आहे का? शाळेत शिकलेल्या कसोट्या लावल्या तर सुरुवात झटपट होते. एककस्थानी ७ आहे, तेव्हा २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९ येते, म्हणून ३ ने भाग जात नाही. ७ ने भागले तर ५ उरतात, ११ ने भागले तरी ५ उरतात, १३ ने भागले तर १०. इथवर ठीक. पण पुढे कुठवर जायचे?

गणिताचा एक साधा नियम इथे थोडी सूट देतो. एखाद्या संख्येचे दोन अवयव पडत असतील तर त्यांतला निदान एक तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही, कारण दोन्ही मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. आपल्या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे. म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. अशा मूळ संख्या ६,५४२ आहेत. एका भागाकाराला एक मिनिट धरले आणि रोज आठ तास बसले तर जवळपास चौदा दिवस लागतील, तेही एकदाही हातचा न चुकता. ज्या काळात यंत्र नव्हते त्या काळात या प्रश्नाचे उत्तर १७३२ मध्ये मिळाले, आणि ते असे चौदा दिवस भागाकार करून मिळालेले नव्हते. ते कसे मिळाले हे समजून घेतले की मोठ्या संख्यांविषयीची आपली सगळी समजूतच बदलते. मोठी संख्या तिच्या आकारावरून कळत नाही. ती कळते तिने मागे ठेवलेल्या बाक्यांवरून.

शेजारी असून वेगळ्या

आकारावरून काही कळत नाही, हे विधान आधी तपासू. आपल्या संख्येच्या शेजारच्याच संख्या घ्या. तिच्याहून एकाने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९६ ही २ चा ३२ वा घात आहे, म्हणजे २ ला बत्तीस वेळा घेऊन केलेला गुणाकार. तिच्यात २ शिवाय दुसरा मूळ अवयवच नाही. संगणकाच्या क्षेत्रात ही संख्या रोजच्या ओळखीची आहे, कारण ३२ बिटांत नेमक्या एवढ्याच वेगवेगळ्या नोंदी मावतात. इंटरनेटच्या जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्ते एवढेच होतात. आणखी एक पायरी खाली, ४,२९,४९,६७,२९५ या संख्येचे पाच मूळ अवयव पडतात: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. आणखी चार पायऱ्या खाली उतरले की ४,२९,४९,६७,२९१ ही मूळ संख्या आहे, तिचे तुकडे पडतच नाहीत.

सात सलग संख्यांच्या टापूत एक पूर्ण अभेद्य, एक पाच तुकड्यांची, एक निव्वळ दोनांनी बनलेली, आणि आपली चौथी, जिची झडती आपण घेत आहोत. आकार सगळ्यांचा सारखा, सुरुवातीचे आकडेही सारखे, स्वभाव मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. एका संख्येचे अवयव ठाऊक असले म्हणून शेजारणीचे कळत नाहीत. एक मिळवला की अवयवांची सगळी मांडणी बदलते. बेरीज आणि गुणाकार यांच्या या नात्यात अंकगणितातले बरेचसे कठीण प्रश्न दडलेले आहेत.

फर्माचा अंदाज

ही संख्या चर्चेत आली ती सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. तूलूझ इथल्या न्यायालयात अधिकारपदावर असलेला पिएर द फर्मा फावल्या वेळात गणित करी आणि आपले शोध पत्रांतून कळवी. १६४० मध्ये त्याने बर्नार फ्रेनिकल द बेस्सी याला एका संख्यामालिकेबद्दल लिहिले. कृती सोपी आहे. २ पासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी आधीच्या संख्येचा वर्ग करा: २, ४, १६, २५६, ६५,५३६, आणि मग ४,२९,४९,६७,२९६. या प्रत्येकीत १ मिळवा. मिळतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि आपली ४,२९,४९,६७,२९७. गणितात यांना फर्मा संख्या म्हणतात आणि त्यांचे क्रमांक शून्यापासून मोजतात, म्हणून आपली संख्या पाचवी.

पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. यावरून फर्माने अंदाज बांधला की या मालिकेतली प्रत्येक संख्या मूळच असणार. आपल्याजवळ सिद्धता नाही हेही त्याने लिहिले, पण त्याचा विश्वास पक्का होता. सुमारे नव्वद वर्षे कुणी या विधानाला धक्का लावला नाही. १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात क्रिस्तियन गोल्डबाखने सेंट पीटर्सबर्गमधल्या तरुण लिओनार्ड ऑयलरला विचारले, फर्माचे हे निरीक्षण तुला ठाऊक आहे का? ऑयलरने आधी फारसे मनावर घेतले नाही. मग तो या प्रश्नात शिरला आणि १७३२ मध्ये त्याने उत्तर दिले: ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार ६७,००,४१७. फर्माचा अंदाज पुढच्याच पायरीवर कोसळला.

६४१ हा आकडा काही फार मोठा नाही. मूळ संख्यांनी क्रमाने भागत गेले असते तरी तो ११६ व्या भागाकाराला सापडला असता. पण ऑयलरला एवढेही करायची गरज नव्हती. त्याची पद्धत त्याने पुढे १७४७ मध्ये मांडलेल्या लेखात उलगडली आणि तिचा पाया बाक्यांचा आहे.

बाक्यांचे फेरे

आज सोमवार असेल तर १०० दिवसांनी कोणता वार येईल? कुणी शंभर वार मोजत बसत नाही. १०० ला ७ ने भागायचे, २ उरतात, सोमवारपुढे दोन वार म्हणजे बुधवार. चौदा पूर्ण आठवडे कुठे गेले याची चौकशी करण्याचे कारणच नाही, कारण वारांच्या हिशेबात पूर्ण आठवडा म्हणजे शून्य. संख्यांचेही तसेच. भाजक ठरला की प्रत्येक संख्येच्या जागी तिची बाकी ठेवून हिशेब करता येतो. बेरीज असो वा गुणाकार, दिलेल्या संख्यांचा करून मग बाकी काढा किंवा आधी बाक्या काढून त्यांचा गुणाकार करा, शेवटी उरते ते एकच. या सोयीमुळे राक्षसी संख्याही दोन-तीन आकड्यांत आणून हाताळता येतात.

आता २ चे घात घ्या आणि ७ ने भागून बाक्या लिहीत चला. २, ४, आणि ८ ची बाकी १. पुढे पुन्हा २, ४, १, पुन्हा २, ४, १. तीन पायऱ्यांचा फेरा झाला. या फेऱ्यात ३, ५ आणि ६ या बाक्या आल्या नाहीत; त्यांच्यापासून सुरुवात करून दुप्पट करत गेले तर ३, ६, ५ आणि पुन्हा ३ असा त्यांचाही तीन पायऱ्यांचाच फेरा होतो. ७ ने भागल्यावर शून्य सोडून सहा बाक्या शक्य आहेत, आणि त्या सहा बाक्या तीन-तीनच्या दोन समान फेऱ्यांत वाटल्या गेल्या. भाजक कोणतीही विषम मूळ संख्या असली तरी हेच घडते. सगळे फेरे सारख्याच लांबीचे असतात, म्हणून फेऱ्याची लांबी ही भाजकाहून एकाने लहान असलेल्या संख्येला नेहमी निःशेष भागते. १७ घेऊन पाहा: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. आठ पायऱ्यांचा फेरा, आणि १६ ला ८ ने भाग जातो. हे तत्त्व 'फर्माचे छोटे प्रमेय' म्हणून प्रसिद्ध आहे. फर्माने तेही १६४० मध्येच, त्याच फ्रेनिकलला कळवले होते. त्याचा अंदाज खोडायला लागणारे हत्यार त्याच वर्षी त्याच्याच हाती होते.

१७ च्या फेऱ्यात आणखी एक गोष्ट दिसते. चौथ्या पायरीवर बाकी १६ आहे, म्हणजे पूर्ण १७ व्हायला एक कमी. आणि नेमक्या दुप्पट पायऱ्यांवर, आठव्या पायरीला, बाकी १ होऊन फेरा पुरा होतो. एक कमी असलेल्या बाकीचा वर्ग केला की नेहमी १ च उरतो; १६ × १६ = २५६, आणि २५६ म्हणजे १७ च्या पंधरापटीहून एक जास्त.

हजारो उमेदवारांतून पाच

आता आपल्या संख्येकडे वळू. समजा एखादी मूळ संख्या तिला निःशेष भागते. आपली संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ती निःशेष भागली जात असेल तर २ च्या ३२ व्या घाताची बाकी 'एक कमी' हवी. मग ६४ व्या घाताची बाकी १ येणार. म्हणजे फेऱ्याची लांबी ६४ ला भागणारी असली पाहिजे: १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. ती ३२ किंवा त्याहून कमी असती तर ३२ व्या पायरीवरच बाकी १ आली असती, पण तिथे तर 'एक कमी' आहे. म्हणून फेरा नेमका ६४ पायऱ्यांचा. आणि फेऱ्याची लांबी भाजकातून एक वजा केलेल्या संख्येला निःशेष भागते, हे आपण आत्ताच पाहिले. निष्कर्ष असा: आपल्या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवून येणाराच असला पाहिजे. दुसरा कोणताही असूच शकत नाही.

आता यादी करा. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला उत्तर हाती. त्यातही २५७ ला हात लावायची गरज नाही. शेजारच्या ४,२९,४९,६७,२९५ मध्ये २५७ हा अवयव आहे, तेव्हा तिच्याहून दोनाने मोठ्या असलेल्या आपल्या संख्येला २५७ ने भागले की २ उरणारच. ६,५४२ भागाकारांची तयारी ठेवून बसलेल्या माणसाचे काम चार भागाकारांत संपले. पुढे एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७८ मध्ये दाखवून दिले की ६४ ऐवजी १२८ ची पट घेतली तरी चालते. मग तपासायला २५७ आणि ६४१ एवढ्याच उरतात.

चौकट : दहा आकडी भागाकार न करता पडताळा

२ चा १६ वा घात ६५,५३६. त्याला ६४१ ने भागा: ६४१ × १०२ = ६५,३८२, बाकी १५४.
२ चा ३२ वा घात म्हणजे ६५,५३६ चा वर्ग. त्याऐवजी बाकीचा वर्ग घ्या: १५४ × १५४ = २३,७१६.
त्यात १ मिळवा: २३,७१७. आणि ६४१ × ३७ = २३,७१७. बाकी शून्य.
म्हणून २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९७, ही ६४१ ने निःशेष भागली जाते.

दुसरा अवयव ६७,००,४१७ हा मूळ आहे की त्याचेही तुकडे पडतात? इथेही तीच युक्ती. त्याचे वर्गमूळ २,५८८ च्या आसपास आहे, आणि त्याचा कोणताही मूळ विभाजक आपल्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून ल्युकाचा १२८ च्या पटीचा नियम त्यालाही लागू होतो. २,५८८ पर्यंत अशा मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. भागून पाहिले की बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ. सदुसष्ट लाखांची संख्या मूळ असल्याचे प्रमाणपत्र पाच भागाकारांत मिळाले. वाचकाने कागद घेऊन हे पाच भागाकार करून पाहावेत. संख्येचा धाक कसा जातो ते हाताला कळते.

पाच उदाहरणांचे खरे वजन

इथे एक आक्षेप येतो. पहिली पाच उदाहरणे मूळ निघाल्यावर सहावे तसेच असेल असे मानले यात फर्माचे काय चुकले? विज्ञानात आपण तेच तर करतो. शिवाय ऑयलरच्या उत्तरानंतर फर्माला दोष देणे हे मागाहून सुचलेले शहाणपण नव्हे का?

याचे उत्तर ऑयलरच्या नियमातूनच मिळते, आणि या सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा भाग मला तो वाटतो. प्रत्येक फर्मा संख्येसाठी असाच एक नियम आहे. २५७ चा मूळ विभाजक १६ च्या पटीत एक मिळवून यायला हवा, म्हणजे कमीत कमी १७. पण २५७ ला अवयव असतेच तर त्यांतला एक १६ च्या आत असायला हवा होता. तसा उमेदवारच नाही. १७ ची स्थिती तीच: विभाजक ८ च्या पटीत एक, म्हणजे कमीत कमी ९, आणि हवा होता ४ च्या आतला. ५ आणि ३ यांच्याबाबत बोलायलाच नको. याचा अर्थ पहिल्या चार फर्मा संख्या मूळ निघाल्या यात नवल काहीच नव्हते. त्यांना संयुक्त होण्याची संधीच नव्हती. खरी परीक्षा फक्त ६५,५३७ ची झाली. तिच्यासाठी ३२ च्या पटीत एक मिळवून येणारे, २५६ च्या आतले मूळ उमेदवार दोनच: ९७ आणि १९३. बाक्या उरतात ६२ आणि ११०. ती पार झाली.

तेव्हा फर्मापुढे पाच उदाहरणे दिसत असली तरी त्याच्या अंदाजाला खरा पुरावा एकाच उदाहरणाचा होता, तोही दोन भागाकारांपुरता. पुढच्या पायरीवर उमेदवारांची यादी एकदम १,०२३ संख्यांची होते आणि तिथे पहिल्याच फटक्यात अंदाज ढासळतो. उदाहरणे किती जमली हे मोजणे पुरेसे नाही. त्यांतल्या किती उदाहरणांत विधान खोटे ठरण्याची शक्यता होती, हे पाहावे लागते. आणि हे कळण्यासाठी लागणारे प्रमेय फर्माचेच होते, त्याच वर्षीचे. म्हणून मागाहून शहाणपणाचा आक्षेप इथे टिकत नाही.

दुसरा आक्षेप प्रतिभेचा. झिरा कोलबर्न नावाच्या अमेरिकन मुलाला त्याच्या बालपणी लंडनमध्ये ४,२९,४९,६७,२९७ चे अवयव विचारले असता त्याने तोंडी ६४१ आणि ६७,००,४१७ असे सांगितल्याची नोंद आहे. मग रचना वगैरे कशाला, तल्लख डोके पुरे, असे कुणी म्हणेल. पण कोलबर्नने मोठेपणी, १८३३ मध्ये, आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत अवयव पाडण्याची आपली रीत सांगताना त्याने शेवटच्या दोन आकड्यांचा आधार सांगितला: कोणत्या दोन आकडी जोड्यांच्या गुणाकाराच्या शेवटी हवे ते दोन आकडे येतात ते पाहायचे. आपल्या संख्येच्या शेवटी ९७ आहे, आणि ४१ × १७ = ६९७. शेवटचे दोन आकडे म्हणजे १०० ने भागल्यावरची बाकीच. त्याची गती विलक्षण होती, पण त्याचाही रस्ता बाक्यांतूनच जात होता.

भारतीय वाचकाला इथे भास्कराचार्यांची आठवण व्हावी. १६५७ मध्ये फर्माने याच फ्रेनिकलला एक कोडे घातले: अशी वर्गसंख्या शोधा की तिला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा वर्गसंख्याच येईल. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० चा वर्ग. त्यातून मिळणारी संख्या १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग. हेच ६१ चे उदाहरण भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात चक्रवाल पद्धतीने सोडवले होते. बावीस कोटींपर्यंत एकेक संख्या तपासत जाऊन ते सुटणारे नव्हते. 

संगणक आहे की!

आजचा रोखठोक आक्षेप हा: ६,५४२ भागाकार संगणक डोळ्याचे पाते लवण्याआधी करतो, मग ही सगळी उठाठेव कशासाठी? पाचव्या फर्मा संख्येपुरते ते खरे आहे. सहावीकडे गेले की परिस्थिती बदलते. ती आहे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दाणे ठेवत गेल्यावर होणाऱ्या एकूण दाण्यांहून ती फक्त दोनाने मोठी. तिचे २,७४,१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ हे अवयव लांद्री या फ्रेंच माणसाने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी प्रसिद्ध केले. सातवी ३९ आकडी आहे. तिथे भागाकार करत वर्गमुळापर्यंत जाणे आजच्या यंत्रालाही परवडत नाही.

सातव्या संख्येची हकिगत तर आणखी बोलकी आहे. ती संयुक्त आहे हे १९०५ मध्ये सिद्ध झाले. तिचे अवयव हाती आले १९७० मध्ये. मधली ६५ वर्षे जगाला पक्के ठाऊक होते की हिचे तुकडे पडतात, पण कोणते ते कुणालाच सांगता येत नव्हते. अवयव न दाखवता संयुक्त म्हणणे हा पुरावा कसा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. उत्तर पुन्हा बाक्यांत आहे. फादर पेपँ यांनी १८७७ मध्ये सिद्ध केले की फर्मा संख्या मूळ असेल तर ३ च्या एका ठरावीक घाताची बाकी 'एक कमी' येतेच, आणि मूळ नसेल तर येत नाही. घात प्रचंड असतो, पण तो वर्ग करत करत गाठता येतो; पाचव्या संख्येसाठी अवघे ३१ वर्ग पुरतात आणि दर पायरीला बाकीच जवळ ठेवायची असल्याने आकडे वाढत नाहीत. शेवटी बाकी जुळली नाही तर निकाल लागला. मूळ संख्येला चुकवता येणार नाही असा नियम मोडला गेला, एवढे पुरे.

३ च घ्यायचा, २ का नाही? कारण २ ची चाचणी इथे फसवते. ४,२९,४९,६७,२९७ ने भागले असता २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ येते, आणि त्यामुळे छोट्या प्रमेयाची २ ची परीक्षा ही संख्या संयुक्त असूनही बिनचूक उत्तीर्ण होते. सगळ्याच फर्मा संख्यांचे असे आहे. एकाच चाचणीवर विसंबणाऱ्याने हे उदाहरण कायम लक्षात ठेवावे.

संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणे आणि तिचे अवयव शोधणे, या दोन वेगळ्या कामांतली दरी हेच आजच्या संगणकसुरक्षेचे भांडवल आहे. कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की पहिले काम कोणत्याही संख्येसाठी, नशिबावर न सोडता, मर्यादित वेळात करता येते. दुसऱ्या कामासाठी साध्या संगणकावर चालणारी तशी रीत कुणाजवळ नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी आखलेली आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत याच अडचणीवर उभी आहे: दोन मोठ्या मूळ संख्या सहज शोधायच्या, त्यांचा गुणाकार जाहीर करायचा, आणि तो कुणाला फोडता येणार नाही यावर भिस्त ठेवायची. आरएसएच्या आव्हानयादीतली २५० आकडी संख्या फोडायला २०२० साल उजाडले. व्यवहारात वापरतात त्या संख्या सहाशेहून अधिक आकडी असतात. या पद्धतीत जाहीर घातांक म्हणून सर्रास वापरली जाते ती ६५,५३७, फर्माच्या मालिकेतली आपल्या संख्येच्या अलीकडची. ती मूळ आहे आणि द्विमान पद्धतीत लिहिली तर तिच्यात १ हा अंक फक्त दोनदा येतो, त्यामुळे यंत्राचे गुणाकार वाचतात.

उपयोगाचा हा पुरावा दिला तरी फर्मा संख्यांचे मोल त्यावर अवलंबून आहे असे मी मानत नाही. १७९६ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, गाउसने केवळ पट्टी आणि कंपास वापरून १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे सिद्ध केले, तेव्हा त्याच्या मुळाशीही ह्याच संख्या निघाल्या. बाजूंची संख्या विषम मूळ असेल तर असा बहुभुज काढता येतो तो ती फर्मा संख्या असेल तरच. ज्ञात पाच फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. पट्टी-कंपासने काढता येईल अशा विषम बाजूंच्या बहुभुजांत आज माहीत असलेला सर्वांत मोठा एवढ्याच बाजूंचा आहे. संगणकाची ३२ बिटांची कमाल मर्यादा आणि ग्रीकांच्या भूमितीची ही मर्यादा एकाच संख्येवर येऊन थांबतात.

फर्माने सगळ्या मूळ मानलेल्या या मालिकेत ६५,५३७ नंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत. त्यांतल्या विसाव्या आणि चोविसाव्या संख्येचा एकही अवयव ठाऊक नाही. चोविसावी पन्नास लाखांहून अधिक आकडी आहे आणि ती संयुक्त ठरली ती पेपँच्या चाचणीत, निव्वळ बाकीवरून. तेहतिसावी २५८ कोटींहून अधिक आकडी आहे. ती मूळ की संयुक्त, याचा निकाल अजून लागायचा आहे.